प्रथिन घातलं की राइबोझाइम थांबतो? आधी बफर तपासा

मॅग्नेशियम थोडं कमी केलं तरी आरएनएज पीचा (कच्च्या टीआरएनएचं टोक छाटणारं, आरएनए आणि प्रथिन मिळून बनलेलं एन्झाइम) आरएनए एकटा कापतो, म्हणजे तो राइबोझाइम, स्वतःच एन्झाइमचं काम करणारा आरएनए. पण त्याच्या जोडीचं प्रथिन घातलं की सगळं ठप्प. मग उत्क्रांतीत हे प्रथिन आलंच कशाला, असं तुम्ही विचारलंय. अगदी याच जागी आमचंही घोडं अडलं होतं.

आम्हाला प्रथिन दुसऱ्या विभागाकडून शुद्ध होऊन यायचं. बफरमध्ये, म्हणजे प्रथिन ज्या द्रावणात ठेवलंय त्यात, काय आहे विचारलं की "नेहमीचंच". लेखी मागितलं की फॉर्म भरा, सही आणा, साहेब रजेवर आहेत. कितीतरी काळ याच्यातच गेला. शेवटी कळलं, त्यात भरपूर ईडीटीए होतं! ते मॅग्नेशियमला एकास एक धरून ठेवतं, म्हणजे आरएनएच्या तोंडचा घास प्रथिन नव्हे, बफर पळवत होता. त्यामुळे आधी प्रथिनाविना नुसता तो बफर घालून बघा. तुमचं कारण वेगळंही असू शकतं. हे प्रथिन धनभारित आहे, जास्त झालं तर आरएनएचा साका बसतो.

आता मूळ प्रश्न. १९८३ मध्ये ई. कोलाय जिवाणूच्या आरएनएज पीमधला ३७७ न्यूक्लिओटाइडांचा आरएनए (एम१) एकटा कापतो हे दिसलं, पण भरपूर मॅग्नेशियममध्ये. पेशीत मोकळं मॅग्नेशियम खूपच कमी, तिथे त्याच्या जोडीच्या सी५ प्रथिनाशिवाय भागत नाही. कापण्याचं रसायन आरएनएचंच. सी५ कच्च्या टीआरएनएच्या (प्रथिन बनताना अमिनो आम्ल वाहून आणणारा आरएनए) सुरुवातीचा, छाटला जाणारा जादा तुकडा धरतं आणि धातूची गरज कमी करतं. जिवाणूत असं एकच प्रथिन, माणसाच्या केंद्रकात दहाच्या आसपास, आणि तिथला आरएनए एकटा जवळजवळ हतबल.

प्रत्येक प्रथिन "सुधारणा" म्हणूनच आलं, हे मला पटत नाही. माझं मत आहे, सिद्ध झालेलं म्हणून घेऊ नका: प्रथिन आधीच चिकटलेलं असलं की आरएनएतला बिघाड खपून जातो, आणि असे बिघाड साठले की परतीची वाट बंद. न्यूरोस्पोरा बुरशीतलं सीवायटी-१८ हे प्रथिन बघा. मूळ काम टीआरएनएला टायरोसिन जोडायचं, पण मायटोकॉन्ड्रियातल्या गट १ इंट्रॉनची (आरएनएतून स्वतःला कापून काढणारे तुकडे) घडीही तेच सावरतं. माणसाच्या मायटोकॉन्ड्रियात तर आरएनएज पी निव्वळ प्रथिनांचा आहे, हे २००८ मध्ये दाखवलं गेलं.

आणि प्रथिन कुणीही देवो, वापरण्याआधी स्वतःच्या बफरमध्ये डायलिसिस करून घ्या, म्हणजे पातळ पडद्यातून जुना बफर काढून आपला भरा. लेबलवर भरवसा ठेवू नका.