कवीने ग्रीक नाटकांच्या भाषांतरात वर्षं घालवावीत का? त्यासाठी ग्रीक यायलाच हवं का?

पोटापाण्याचं विचारत असाल तर या भानगडीत पडू नका. ॲन कार्सन यांच्यासारख्या नावाजलेल्या कवयित्रीनेही विद्यापीठात ग्रीक शिकवलंच.

पण ‘वर्षं घालवावीत का’ हे वाचून डोकं फिरलं. मी ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या ‘मीडिआ’चं भाषांतर करतोय हे कळल्यावर आमच्यातले एक ज्येष्ठ कवी चारचौघांत म्हणाले होते, “स्वतःचं आटलं वाटतं?” इंग्रज कवी टेड ह्यूज १९९८ साली गेले. त्याच वर्षी त्यांचा ‘बर्थडे लेटर्स’ हा कवितासंग्रह आला आणि पुढच्या वर्षी ‘ओरेस्टिया’ आणि ‘ॲल्सेस्टिस’ या ग्रीक नाटकांची त्यांनी केलेली भाषांतरं. आटलेला माणूस असं लिहितो?

‘मीडिआ’त शेवटाकडे मीडिआ घरात स्वतःच्याच मुलांना मारते; मुलं आतून ओरडतात आणि बाहेर कोरसमधल्या, म्हणजे गाणाऱ्या समूहातल्या, बायका गात असतात. दिग्दर्शक म्हणाला, “हे कापू. पोरं मरताहेत आणि या गातायत, लोक हसतील.” मी अडून बसलो. मुळात तिथलं वृत्तच धापा टाकणारं आहे. मी ओळी तोडून तोडून लिहिल्या, एका श्वासात जेमतेम एक बसेल अशा. तालमीत बायका आमच्याकडे पाठ करून बंद दाराकडे बघत उभ्या. आत जाऊ का, असं विचारतात आणि एकही जात नाही. पहिली किंकाळी आली तेव्हा त्यांची ओळ मध्येच तुटली. दिग्दर्शकाने पुन्हा कापायचं नाव काढलं नाही. माझ्या पुढच्या संग्रहाच्या परीक्षणात त्याच ज्येष्ठांनी ‘ओळीला धार आली आहे’ असं लिहिलं. ती कुठून आली, ते त्यांनीच शोधावं.

ग्रीकचं म्हणाल तर आयरिश कवी शेमस हीनी यांना ते येत नव्हतं; जुनी भाषांतरं समोर ठेवून त्यांनी काम केलं. त्यांच्या ‘द क्युअर ॲट ट्रॉय’मधल्या (१९९०) आशा आणि इतिहासाबद्दलच्या ज्या ओळी राजकारणी भाषणांत वापरतात, त्या मूळ ग्रीक नाटककार सोफोक्लीसच्या नाहीतच! प्राध्यापकांनी कुरकुर करावी खुशाल. अर्थात तुम्ही-मी हीनी नाही. निदान वृत्तं समजून घ्या, दोन-तीन शब्दशः भाषांतरं शेजारी ठेवा आणि ग्रीक जाणणाऱ्या कुणाकडून तरी मसुदा तपासून घ्या.

शिवाय सोफोक्लीसवर आता कुणाचा हक्क नाही, पण तुम्ही ज्या नव्या इंग्रजी भाषांतरावरून करणार त्यावर बहुधा असतो. परवानगी आधीच मागा, नाहीतर संहिता तयार आणि प्रयोग अडकलेला, अशी गत होते.