‘एकदाचं ठरव’ची घाई कशाला?

प्रश्न : मुलगा दहावीत आहे. आधी तबला, मग फुटबॉल, आता रॅप लिहितो. एक धड करत नाही. पुढे काय होणार याचं? – एक आई, सांगली

तबल्याच्या क्लासची फी वाया गेली, हे दुःख मला समजतं. पण मुलाचं काही बिघडलेलं दिसत नाही. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी साधारण 12 ते 18 ही वर्षं ‘मी कोण’ हे शोधण्याची मानली. धरून बघणं आणि सोडणं हा त्या शोधाचाच भाग. फक्त सोडताना विचारा : कंटाळा रियाजाचा आला, गुरुजींच्या ओरडण्याचा, की एकट्याने बसण्याचा? उत्तर देता आलं तर स्वतःबद्दल काहीतरी त्याच्या हाती लागलं. भरलेल्या फीपुरते महिने मात्र पूर्ण करायला लावा. एवढी अट रास्त आहे.

प्रश्न : आम्ही दोघं डॉक्टर. मुलगी पाचवीपासून डॉक्टरच व्हायचं म्हणते. कधी उलट बोलत नाही. नवरा म्हणतो, तिला दुसरं काही आवडतं का विचारून बघ. उगाच कशाला मन चळवायचं? – नाशिक

विचारा. तुमच्या यजमानांचं बरोबर आहे.

मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्सिया यांनी 1966 मध्ये एक महत्त्वाचा भेद मांडला. काही मुलं शोधाशोध करून ठरवतात, काही आईवडिलांचं ठरलेलं उचलतात. बाहेरून दोघंही सारखीच ठाम दिसतात. फरक कळतो तो नीटचे मार्क कमी पडले की. शोधून ठरवणारीला वाईट वाटतं, ती रडते, मग वेगळा मार्ग शोधते. आईवडिलांचं उचलणारीला मात्र आपण कुणीच उरलो नाही असं वाटू शकतं, कारण डॉक्टर होण्यापलीकडे स्वतःचा विचारच तिने कधी केलेला नसतो.

म्हणजे तिची आवड खोटी आहे असं नाही. डॉक्टरकीतलं नेमकं काय हवंय ते बोलतं करा : पेशंटशी बोलणं, जीवशास्त्र, की आईबाबांसारखं होणं? तिसरं उत्तरही चालेल, फक्त ते तिचं तिला माहीत असावं.

मला जास्त खटकलं ते ‘कधी उलट बोलत नाही’. आपल्याकडे शहाणी मुलगी म्हणून कौतुक होतं ते याच गुणाचं, आणि एकदा कौतुक झालं की मुली तो सोडत नाहीत. घरातल्या एखाद्या निर्णयात तिचं मत विचारा, ते तुमच्याविरुद्ध गेलं तर तसंच करा, आणि नंतर टोमणा मारू नका. शेवटचं सगळ्यात अवघड.

प्रश्न : मी धुळ्याची, बारावीसाठी पुण्यात आले. घरी अहिराणी बोलतो. होस्टेलवर मुली हसल्या, तेव्हापासून आईचा फोन आला की बाहेर जाऊन बोलते. मी खोटी वागतेय का?

नाही गं. वर्गात एक आणि आईशी एक बोलणं हा खोटेपणा नाही, सगळेच करतात. तुला त्रास लपवण्याचा होतोय. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी लिहायला-वाचायला शिकल्या नव्हत्या. त्यांच्या कविता त्यांच्या बोलीतच आहेत आणि आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. हसणाऱ्यांना हे ऐकवायलाच हवं असं नाही. विश्वासातल्या एका मैत्रिणीसमोर आईचा फोन घे, तेवढं पुरे. आणि आईला सांग, ‘मी बाहेर का जाते.’ तिला बहुतेक अंदाज आलेला असेल.

प्रश्न : मुलाचं इन्स्टावर दुसरं, गुपचूप अकाउंट सापडलं. वाचू का?

धमक्या, पैशांची मागणी, अनोळखी मोठ्या माणसाशी बोलणं अशी शंका असेल तर वाचा, पण त्याला आधी सांगून. नसेल तर नको. मित्रांपुरता वेगळा कोपरा या वयात हवाच असतो. मात्र झोप, जेवण, मित्र सगळंच तुटलं असेल, किंवा ‘मी नसलेलोच बरा’ असं तो म्हणत असेल, तर अकाउंट बाजूला ठेवा. त्याच्याजवळ थांबा, सरळ विचारा, आणि आजच डॉक्टरांना किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा. ही सेवा मोफत आहे, रात्रीही सुरू असते.