सहा महिने सराव करूनही मानवाकृती ताठ आणि पाय आखूड येतात, काय करू? (म्हापसा, मॉडेल उपलब्ध नाही)

पाय आखूड येतात ते बहुधा चेहऱ्यापासून सुरुवात केल्यामुळे. डोकं मोठं होतं, कागद संपत आला की पाय दाबले जातात. आधी माथा आणि टाच यांच्या खुणा करा. उभा प्रौढ माणूस साधारण साडेसात डोकी उंच. निम्मी उंची जांघेपाशी येते, कमरेपाशी नव्हे.

ताठपणाचं कारण वेगळं. वजन एका पायावर असलं की त्या बाजूचं कमरेचं हाड वर जातं आणि खांदा बहुतेक वेळा खाली उतरतो. कमरेची आणि खांद्यांची अशा या दोन तिरक्या रेषा कपड्यांच्या आधी टाका. मग गळ्याच्या खळगीतून ओळंबा (सरळ खाली जाणारी उभी रेषा) सोडून बघा: तो वजन पेलणाऱ्या पावलाच्या आसपास पडला नाही, तर आकृती कलंडते.

मॉडेल नाही म्हणता, पण तुमच्याकडे शुक्रवारचा बाजार आहे की! उभी गिऱ्हाइकं तीस सेकंदांत ते दोन मिनिटांत टिपा, खोडरबर घरी ठेवून. बसलेल्या विक्रेत्यांना जास्त वेळ द्या. समोरून दिसणारी मांडी डोळ्याला आखूड दिसते, पण मन ती लांब काढायला लावतं. तिथे हात ताठ धरून पेन्सिलीने मोजा. (जवळून, निवांत काढणार असाल तर आधी विचारा.)

नुसती झटपट रेखाटनं मात्र पुरणार नाहीत. आठवड्यातून एकदा आरशासमोर स्वतःचं पाऊल किंवा हात तासभर काढा. पावसाळ्यात कागद दमट होतो, एचबी पेन्सिल रुतते, तिच्याहून मऊ ४बी घ्या.