आधी अळी आण, चार्ट नंतर

अगं, वर्गात मुलांना कीटक शिकवताना भिंतीवर रंगीत चार्ट लावून सुरुवात करू नकोस. कढीपत्त्याचं किंवा लिंबाचं झाड शोध. पावसाळ्यात त्याच्या पानांवर पक्ष्याच्या शिटेसारखं काहीतरी दिसेल, ती लिंबू फुलपाखराची अळी. फांदीसकट बरणीत ठेव, तोंडाला जाळीचं कापड बांध आणि रोज ताजा पाला घाल. पाण्याची बाटली आत नको, अळ्या बुडतात. मोठी झाली की ती हिरवीगार होते. डिवचली की डोक्यामागून नारिंगी शिंगं काढते, वासही सोडते. मुलं खिदळतात! पुढे कोष होतो, मग साधारण आठ-दहा दिवसांत फुलपाखरू. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंतही याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतं, तेही सांग.

केसाळ सुरवंटाला मात्र कुणी हात लावायचा नाही, खाज सुटते.

पाय मोजणं हा माझा आवडता खेळ. कणकेचा मुंगळा करायचा: तीन गोळे, आणि मधल्याच गोळ्याला खराट्याच्या काड्यांचे सहा पाय. बहुतेक मुलं पोटालाही पाय लावतात. लगेच टोकू नकोस, खऱ्या मुंगळ्याशी ताडून पाहू दे. मग कोळी दाखव. आठ पाय, म्हणजे कीटक नाही. गंमत म्हणजे मखमली मृगाचा किडाही आठ पायांचा, नावाला फक्त किडा. हे मलाच फार उशिरा कळलं.

मुंग्यांसाठी साखर आणि मीठ शेजारी ठेव, बाकी मुलंच बोलतील. फुलपाखरू सोडायच्या दिवशी एखादं मूल रडतंच, तेवढी तयारी ठेव.