विद्यार्थी म्हणतात व्याख्यानातूनच जास्त समजतं. मग वर्गात चर्चा आणि प्रश्न घेण्यात अर्थ आहे का?

अर्थ आहे, कारण 'समजलं असं वाटणं' आणि प्रत्यक्ष शिकणं यांत फरक पडतो. हार्वर्डच्या पदार्थविज्ञान वर्गांवरच्या 2019च्या अभ्यासात हाच विरोधाभास मोजला गेला: मजकूर तोच, पण गटात उदाहरणं सोडवणाऱ्यांना चाचणीत जास्त गुण मिळाले आणि तरी 'आपण कमी शिकलो' असं त्यांनाच वाटलं. डोक्याला पडणारा ताण मुलं न समजल्याची खूण मानतात. त्याआधी, 2014 मध्ये, 225 अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात नापासांचं प्रमाण व्याख्यानात 33.8 टक्के, तर कृतिशील (म्हणजे मुलं चर्चा करतात, प्रश्न सोडवतात अशा) वर्गांत 21.8 टक्के आढळलं होतं.

करून पाहायचं तर हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांची पद्धत घ्या:

- आकडेमोड नसलेला, संकल्पनेवरचा बहुपर्यायी प्रश्न द्या. एक-दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही.
- सगळ्यांनी एकाच वेळी छातीपाशी बोटं धरून पर्याय दाखवायचा.
- साधारण 30 ते 70 टक्के बरोबर असतील तर शेजाऱ्याशी दोन-तीन मिनिटं चर्चा, मग पुन्हा मत. त्याहून कमी असतील तर मुद्दा पुन्हा शिकवा. जास्त असतील तर थोडक्यात उत्तर सांगून पुढे जा.

बहुतेकदा बिघडतं ते चर्चेआधीच निकाल जाहीर केल्याने. मग मुलं विचार न करता बहुमताकडे वळतात. शिवाय सत्राच्या सुरुवातीलाच त्यांना सांगून ठेवा की हे जड वाटेल, आणि ते का.

मात्र हे आकडे पदवीच्या वर्गांचे आहेत, शाळेला जसेच्या तसे लावू नका.