वाचकांचे प्रश्न : पत्ता ह्यूस्टनचा, कारभार कोणाचा?

ह्यूस्टन आणि आसपासच्या परिसरातील मराठी वाचकांची, तसेच मुलांकडे सहा महिने राहून परतलेल्या काही ज्येष्ठांची पत्रे या वेळी उत्तरांसाठी निवडली आहेत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत आणि लांब पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमच्या घराच्या पत्त्यात 'ह्यूस्टन, टेक्सास' असे स्पष्ट लिहिलेले आहे. नागरिकत्व मिळाल्यानंतर २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये मी प्रथमच मतदानाला गेले. टीव्हीवर महिनाभर महापौरपदाच्या निवडणुकीची चर्चा चालू होती, पण माझ्या मतपत्रिकेवर राज्यघटनेच्या दुरुस्तीचे १४ प्रस्ताव होते आणि महापौराचे नावही नव्हते. माझी नोंदणी चुकली आहे का?

उत्तर : नोंदणी चुकलेली नाही. आपण ह्यूस्टन शहरात राहत नाही, एवढाच याचा अर्थ आहे. पत्त्यातील गावाचे नाव टपाल खात्याने आपल्या सोयीने दिलेले असते आणि त्याचा महापालिकेच्या हद्दीशी संबंध असेलच असे नाही. २०२० च्या जनगणनेनुसार ह्यूस्टनची लोकसंख्या सुमारे २३ लाख आणि हॅरिस काउंटीची, म्हणजे ह्यूस्टनचा बहुतांश भाग ज्यात येतो त्या आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाची, ४७ लाख आहे. या ४७ लाखांपैकी सुमारे २० लाख लोक कोणत्याच शहराच्या हद्दीत राहत नाहीत. त्यांना महापौर नाही, नगरसेवक नाही आणि महापालिकाही नाही. आपल्याकडे एवढ्या वस्तीला दोन-तीन महापालिका मिळाल्या असत्या.

मग नळाला पाणी कोण देते? बहुधा आपले 'मड', म्हणजे म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट. विकसक मोकळी जमीन घेतो, तेथे राज्याच्या परवानगीने असा डिस्ट्रिक्ट स्थापन होतो, विकसक पाणी, सांडपाणी आणि पावसाळी गटारे यांची कामे करतो, आणि त्या खर्चाची परतफेड डिस्ट्रिक्ट कर्जरोखे काढून करतो. ते कर्ज पुढची वीस-पंचवीस वर्षे घरमालक मालमत्ता करातून फेडत राहतात. या कर्जाला मतदारांची मंजुरी लागते आणि ती मिळवण्याची पद्धत ऐकण्यासारखी आहे. वसाहत अजून कागदावरच असते, त्यामुळे अनेकदा त्या मोकळ्या जमिनीवर दोन-चार माणसांना ट्रेलरमध्ये राहायला आणले जाते, त्यांची मतदार म्हणून नोंद होते, आणि त्या मूठभर मतांनी कोट्यवधी डॉलरचे कर्ज मंजूर होते. आपण घर घेतले तेव्हा हा निर्णय कधीच झालेला होता.

म्हणूनच आपल्याला बहुधा कराची दोन बिले येत असतील. एका बिलावर काउंटी, पूरनियंत्रण, बंदर, सार्वजनिक रुग्णालये आणि कदाचित शाळा अशा ओळी असतात, तर दुसरे बिल एकट्या 'मड'चे असते. नव्या वसाहतीत या दुसऱ्या बिलाचा दर जास्त असतो. पुढे घरे वाढली आणि कर्ज अधिक डोक्यांवर विभागले गेले की तो साधारणपणे उतरतो. घर पाहताना आपली मंडळी शाळेचे रेटिंग तोंडपाठ सांगतात, पण 'मड'चा दर किती, असे विचारणारे मला क्वचितच भेटले आहेत.

ह्यूस्टनने हा भाग शहरात का घेतला नाही, असाही प्रश्न आपल्या पत्रात आहे. हद्दवाढ हा शब्द पुणेकरांना नवा नाही. पुण्याच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली, आणि कर आधी आला की रस्ते आधी आले हा वाद तेथे अजून मिटलेला नाही. ह्यूस्टनही अनेक दशके अशीच हद्दवाढ करत वाढले. १९९६ मध्ये किंगवूड ही वसाहत रहिवाशांचा कडवा विरोध असताना शहरात घेतली गेली आणि त्या संतापाचे पडसाद राज्याच्या विधिमंडळापर्यंत पोहोचले. २०१७ आणि २०१९ च्या कायद्यांनी रहिवाशांच्या संमतीवाचून होणारी हद्दवाढ जवळजवळ बंद केली. त्याऐवजी शहर अनेक 'मड'शी करार करते आणि तेथील दुकाने व रेस्टॉरंट यांच्या विक्रीकरात वाटेकरी होते. महापौर निवडण्याचा अधिकार आपल्याला नाही, पण कोपऱ्यावरच्या रेस्टॉरंटच्या बिलातून आपण त्यांच्या तिजोरीत थोडी भर घालत असण्याची शक्यता मात्र आहे.

आपण नेमके कोठे आहोत हे कळण्याचा सोपा मार्ग म्हणजे करासाठी घरांचे मूल्यांकन करणाऱ्या हॅरिस सेंट्रल अॅप्रेझल डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर आपला पत्ता शोधणे. घराच्या नोंदीखाली कर घेणाऱ्या सर्व संस्थांची यादी असते. तीत 'सिटी ऑफ ह्यूस्टन' ही ओळ नसेल, तर खड्ड्यांची तक्रार शहराच्या ३११ क्रमांकावर करण्यात अर्थ नाही. ती आपल्या भागाच्या काउंटी कमिशनरच्या कार्यालयाकडे करावी. असे चार कमिशनर आहेत.

प्रश्न : मी सांगलीहून मुलाकडे आलो आहे. तो शहराच्या मध्यभागाजवळ राहतो. त्याच्या गल्लीत जुनी बैठी घरे, त्यांना चिकटून तीन मजली टाउनहाउस आणि कोपऱ्यावर गाड्यांचे गॅरेज असे सगळे एकत्र आहे. येथे झोनिंगच नाही असे तो म्हणतो. अमेरिकेत हे कसे चालते?

उत्तर : आपला मुलगा बरोबर सांगतो. अमुक भागात फक्त घरे आणि तमुक भागात फक्त व्यापार असे ठरवणारे झोनिंग ह्यूस्टनमध्ये नाही, आणि एवढ्या मोठ्या अमेरिकी शहरात असे दुसरे उदाहरण नाही. हे दुर्लक्षातून घडलेले नाही. १९४८, १९६२ आणि १९९३ अशा तीन वेळा हा प्रश्न मतदारांपुढे आला आणि तिन्ही वेळा त्यांनी झोनिंग नाकारले. शेवटच्या वेळी निकाल थोड्या फरकाने लागला.

झोनिंग नाही म्हणजे नियम नाहीत असे मात्र नाही. येथे शहराच्या नियमांची जागा खरेदीखताने घेतली आहे. वसाहत बांधतानाच 'या भूखंडावर फक्त एका कुटुंबाचे घर', 'रस्त्यापासून इतके फूट मोकळे' अशा अटी नोंदवलेल्या असतात. त्यांना डीड रिस्ट्रिक्शन्स म्हणतात आणि त्या जमिनीबरोबर पुढच्या मालकाकडे जातात. अशा खासगी अटी मोडल्या तर १९६५ पासून ह्यूस्टनचे शहर सरकार स्वतः, आपल्या वकिलांमार्फत, न्यायालयात जाऊ शकते. त्यामुळे ज्या वसाहतींच्या अटी पक्क्या आणि रहिवासी जागरूक, तेथे झोनिंगइतकीच कडक शिस्त दिसते. ज्या जुन्या, गरीब वस्त्यांत अटींची मुदत संपली आणि नूतनीकरणासाठी सह्या गोळा करणारे कोणी उरले नाही, तेथे गॅरेज येते, भंगाराचे आवार येते, काँक्रीटचा कारखानाही येतो. झोनिंग नसल्याने सर्वांना समान स्वातंत्र्य मिळते, हे येथील आवडते विधान मला म्हणूनच पटत नाही.

टाउनहाउसचे कारण वेगळे आहे. १९९८ मध्ये ६१० लूप या, शहराच्या मध्यभागाला वळसा घालणाऱ्या रस्त्याच्या आतील भागासाठी शहराने भूखंडाच्या किमान आकाराचा नियम सैल केला. पूर्वी एका घराला साधारण ५,००० चौरस फूट जागा लागत असे, आता ती १,४०० चौरस फुटांपर्यंत चालते. एका बैठ्या घराच्या जागी तीन उंच घरे उभी राहिली ती यामुळे. २०१३ मध्ये हा नियम उर्वरित शहरालाही लागू झाला. ह्यूस्टनमधील घरे इतर मोठ्या शहरांच्या तुलनेने स्वस्त राहिली, त्याचे बरेच श्रेय या बदलाला दिले जाते आणि ते रास्त आहे.

मुलाच्या खरेदीखतासोबतचे जुने कागद मिळाले तर अवश्य वाचावेत. जुन्या वसाहतींच्या मूळ अटींमध्ये, हे घर गोऱ्या वंशाखेरीज कोणाला विकू नये, असे कलमही आढळते. अशी कलमे न्यायालयामार्फत अमलात आणता येणार नाहीत, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्येच दिला. आज त्याच घराच्या दारात आपण तोरण लावलेले असते आणि कागदावर ती ओळ अजून तशीच असते.

प्रश्न : केटीजवळ, बार्कर जलाशयाच्या मागच्या बाजूला एक घर आम्हाला आवडले आहे. फेमाच्या (केंद्र सरकारच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या) नकाशात ते पुराच्या क्षेत्रात नाही, त्यामुळे बँक पूरविम्याचा आग्रह धरत नाही. निश्चिंत राहावे का?

उत्तर : निश्चिंत राहू नये. 'जलाशय' या शब्दाने आपल्या डोळ्यांपुढे खडकवासला येतो. बार्कर आणि अॅडिक्स तसे नाहीत. एरवी ते कोरडे असतात आणि त्यांत उद्याने व खेळाची मैदाने आहेत. १९२९ आणि १९३५ च्या पुरांनंतर ह्यूस्टनचा मध्यभाग वाचवण्यासाठी लष्कराच्या इंजिनिअर कोअरने १९४० च्या दशकात हे मातीचे बांध घातले. मेख अशी की बांधाच्या पूर्ण क्षमतेइतके पाणी साठले तर जेवढी जमीन बुडेल, तेवढी सगळी जमीन सरकारने कधीच विकत घेतली नाही. उरलेल्या जमिनीवर पुढे वसाहती झाल्या.

ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वी वादळाच्या पावसाने दोन्ही जलाशयांनी विक्रमी पातळी गाठली. वरच्या अंगाची हजारो घरे साठलेल्या पाण्यात गेली, आणि २८ ऑगस्टपासून पाणी सोडल्यावर खालच्या अंगाला, बफेलो बायूच्या (बायू म्हणजे येथील संथ वाहणारा ओढा) काठी, आणखी घरे बुडाली. अनेकांना आपण जलाशयाच्या पोटात राहतो हे त्या रात्री कळले. कागदावर ते लिहिलेले नव्हते असे नाही. फोर्ट बेंड काउंटीतील काही वसाहतींच्या मंजूर नकाशांवर बारीक अक्षरांत एक टीप होती की, ही वसाहत बार्कर जलाशयालगत असून तेथे इंजिनिअर कोअरच्या नियंत्रणाखाली दीर्घकाळ पाणी साचू शकते. पण असा नकाशा मागवून वाचतो कोण? डिसेंबर २०१९ मध्ये फेडरल क्लेम्स न्यायालयाने वरच्या अंगाच्या घरमालकांच्या बाजूने, सरकार जबाबदार आहे असा निकाल दिला. त्याच वर्षी राज्याने कायदा करून, घर जलाशयाच्या पूरपातळीत येते का आणि पूर्वी त्यात पाणी आले होते का, हे विक्रेत्याने लेखी सांगणे बंधनकारक केले. ती लेखी माहिती मागून घ्यावी आणि तिच्याबरोबर वसाहतीचा मंजूर नकाशाही पाहावा.

विमा बँकेने मागितला नाही तरी घ्यावा. सरकारी योजनेत घराला कमाल २.५ लाख आणि आतील सामानाला १ लाख डॉलरचे संरक्षण मिळते. पॉलिसी सामान्यतः ३० दिवसांनी लागू होते, त्यामुळे वादळ मेक्सिकोच्या आखातात शिरल्यावर अर्ज करून उपयोग होत नाही.

पाण्याच्या बाबतीत तक्रार कोणाकडे करावी, याचे उत्तर पाणी कोठे आहे यावर अवलंबून आहे. बांध केंद्र सरकारचे आहेत. हॅरिस काउंटीतील बायू १९३७ मध्ये स्थापन झालेल्या पूरनियंत्रण डिस्ट्रिक्टकडे आहेत. हार्वीच्या पहिल्या वर्षदिनी, २५ ऑगस्ट २०१८ रोजी, मतदारांनी त्यांच्या कामांसाठी २५० कोटी डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले. रस्त्यावरची गटारे मात्र शहरात शहराची आणि शहराबाहेर काउंटीची किंवा 'मड'ची असतात.

प्रश्न : ह्यूस्टनमध्ये महापालिका आयुक्त कोण असतो? आणि काउंटी जज एवढ्या पत्रकार परिषदा घेतात, तर खटले कधी चालवतात?

उत्तर : आयुक्त नसतो. डॅलस, सॅन अँटोनियो आणि ऑस्टिन येथे नगर परिषद एक सिटी मॅनेजर नेमते आणि तो आपल्या आयुक्ताच्या जवळ जाणारा आहे, पण ह्यूस्टनमध्ये महापौर हाच प्रशासनाचा प्रमुख असतो. महापालिकेत महापौराचा मान आणि आयुक्ताची सही हे समीकरण आपल्या अंगवळणी पडलेले असल्याने हे ध्यानात यायला वेळ लागतो. १६ सदस्यांच्या परिषदेत ११ जण प्रभागांतून आणि ५ जण संपूर्ण शहरातून निवडून येतात. त्यांच्यापुढे कोणता विषय यावा हेही पूर्वी जवळजवळ एकटा महापौरच ठरवत असे. २०२३ मध्ये मतदारांनी सनदेत दुरुस्ती केली आणि आता कोणतेही तीन सदस्य मिळून विषय आणू शकतात. जॉन व्हिटमायर महापौर निवडले गेले त्याच वर्षीची ही गोष्ट.

काउंटी जज या पदाच्या नावात न्यायाधीश असला तरी हॅरिससारख्या मोठ्या काउंटीत ते काम प्रशासनाचेच आहे. चार कमिशनर आणि जज मिळून जी सभा होते तिला 'कमिशनर्स कोर्ट' म्हणतात, पण तेथे खटले चालत नाहीत.

प्रश्न : आम्ही दोघे ग्रीन कार्डवर आहोत. मत देता येत नाही, मग या सगळ्यात लक्ष घालून काय उपयोग?

उत्तर : प्रथम एक सावधगिरीची सूचना. ड्रायव्हिंग लायसन्सच्या कार्यालयात किंवा एखाद्या मेळ्यात मतदार नोंदणीचा अर्ज कोणी पुढे केला, तर नागरिकत्व मिळेपर्यंत त्यावर चुकूनही सही करू नये. अमेरिकी नागरिक असल्याचा खोटा दावा हा पुढे नागरिकत्वाच्या मार्गातला मोठा अडसर ठरतो.

मतदानावाचूनही करण्यासारखे बरेच आहे. घराचे मूल्यांकन जास्त वाटले तर १५ मे किंवा नोटीस आल्यापासून ३० दिवस, यांपैकी जी तारीख नंतरची असेल तिच्या आत हरकत नोंदवता येते, आणि त्यासाठी मालक असणे पुरेसे आहे. आपण शहराच्या हद्दीत असाल, तर आधी नाव नोंदवून परिषदेच्या मंगळवारच्या सभेत आपले म्हणणे मांडता येते. तेथेही मतदार असावे लागत नाही. वेळ एक ते तीन मिनिटांचा असतो, म्हणून भाषण न करता गल्लीचे नाव आणि अडचण एवढेच सांगावे.

आणि हद्दीबाहेर असाल, तर 'मड'च्या मासिक सभेला जावे. अनेक डिस्ट्रिक्टच्या सभा वसाहतीपासून दूर, एखाद्या वकिलाच्या कार्यालयात, कामाच्या दिवशी दुपारी भरतात. माझ्या डिस्ट्रिक्टच्या सभेला मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा लांब टेबलाभोवती पाच संचालक, वकील, इंजिनिअर आणि हिशेबनीस बसले होते. भिंतीलगत श्रोत्यांसाठी सहा खुर्च्या मांडलेल्या होत्या, आणि त्यांतल्या पाच सभा संपेपर्यंत रिकाम्याच होत्या. अध्यक्षांनी मला विचारले, "आपण कोणत्या कंत्राटदाराकडून आला आहात?"