पुण्यात गुरुवारी पाणी बंद असलं की शुक्रवारी गढूळ का येतं? ते वापरावं का?

नळ बंद असताना वाहिन्या रिकाम्या होतात, त्यात हवा शिरते. पुन्हा दाब आला की तळाशी बसलेला गाळ आणि गंज ढवळून नळाला येतो. इतपत ठीक. खरी भीती वेगळी आहे: दाब नसताना वाहिनीला कुठे फट असेल, तर बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. गढूळपणा दिसतो, हे दिसत नाही.

म्हणून शुक्रवारचं पहिलं पाणी थेट टाकीत घेऊ नका. आमच्याकडे वॉचमनकाका आधी एक बादली भरून बघतात. तळ दिसला की मगच टाकीचा व्हॉल्व्ह उघडतात. ती बादली कुंड्यांना. तुरटी फिरवली की गाळ बसतो, जंतू मात्र मरत नाहीत. पिण्याचं पाणी खळखळून उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट तसंच उकळत राहू द्या. 2025च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे (गुलियन-बॅरे सिंड्रोम, नसांवर परिणाम करणारा आजार) रुग्ण वाढले, तेव्हाही पाणी उकळून पिण्याचाच सल्ला होता.

आणि हो, बुधवारी रात्री भरलेले पिंप झाकून ठेवा. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आठ-दहा दिवसांत नवे डास तयार. आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून आतून घासा, अंडी कडेला चिकटलेली असतात.

महापालिकेच्या सूचनेत पर्वती, वडगाव, लष्कर असे जलकेंद्रानुसार भाग दिलेले असतात. आपलं केंद्र कोणतं हे एकदा माहीत करून घेतलंत, की दर वेळी अख्खी यादी चाळावी लागत नाही.